गुरुदीक्षाच वैध नसेल तर इतक्या वर्षांच्या कन्फेशनचं काय?

शेवंती

माझी मावशी एकाहत्तर वर्षांची आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कन्फेशन, म्हणजे फादरांकडे पापांची कबुली, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, हा तिचा नेम मला कळायला लागल्यापासून कधी मोडला नव्हता. गेले पाच महिने ती कन्फेशनला गेलेली नाही. मिस्सेला जाते, पण कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, सगळे उठतात तेव्हा ही बाकावरच बसून राहते.

कारण माझा मावसभाऊ. तो परदेशात असतो आणि दोनेक वर्षांपासून तिथल्या जुन्या लॅटिन मिस्सेच्या एका गटात जातो. त्याने तिला फोनवर सांगितलं की १९६८ साली रोमने दीक्षाविधी बदलला. नव्या विधीने अभिषेक झालेले बिशप खरे बिशप नाहीत, त्यांनी दीक्षा दिलेले फादर खरे धर्मगुरू नाहीत, आणि त्यांनी दिलेली पापक्षमा म्हणजे नुसते शब्द. त्याचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. आईच्या आत्म्याची काळजी वाटली म्हणूनच त्याने सांगितलं.

परवा तिच्या उशाशी एक शंभर पानी वही दिसली. डावीकडे सालं, मधे धर्मग्रामात त्या त्या वेळी असलेल्या फादरांची नावं, उजवीकडे पेन्सिलने प्रश्नचिन्ह. पहिल्या तीन नावांपुढे काही नाही. तिथून खाली शेवटपर्यंत सगळी प्रश्नचिन्हं. काही तर दोनदा गिरवलेली.

मी गेले तीन आठवडे वाचते आहे. जेवढं समजलं ते मांडते, चुकलं तर सांगा.

इथे दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत असं मला वाटतं. एक, माणूस खरोखर धर्मगुरू आहे का, म्हणजे त्याची दीक्षा वैध आहे का. दुसरा, धर्मगुरू आहे, पण पापक्षमा देण्याचा अधिकार त्याला कुणी दिला आहे का. मिस्सेसाठी पहिली गोष्ट पुरते. कन्फेशनसाठी दोन्ही लागतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये पापक्षमेला न्यायनिवाड्यासारखी कृती म्हटलं, आणि ज्याच्यावर आपला अधिकारच चालत नाही त्याला दिलेल्या निवाड्याला अर्थ नाही असंही म्हटलं. आजच्या धर्मकायद्यात हेच कलम ९६६ मध्ये आहे.

गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, पण जुन्या आणि नव्या विधीच्या दोन्ही बाजू एकमेकांच्या कन्फेशनवर शंका घेत आल्या आहेत. जुन्या विधीच्या बाजूने उभे राहिलेले फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांनी १९७० मध्ये संत दहावे पायस यांच्या नावाने धर्मगुरूंचा संघ काढला. ३० जून १९८८ ला त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या एकोन इथे पोपच्या आज्ञेविरुद्ध चार बिशपांचा अभिषेक केला. त्यांची दीक्षा वैध आहे हे रोमने कधी नाकारलं नाही. पण संघाच्या फादरांना अधिकार नाही म्हणून त्यांची पापक्षमा वैध नाही, असं कितीतरी वर्षं सांगितलं जात होतं. पोप फ्रान्सिस यांनी १ सप्टेंबर २०१५ च्या पत्राने दयेच्या वर्षापुरता तो अधिकार दिला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये मुदत काढून टाकली. त्यामुळे संघाच्या फादरांकडे केलेलं कन्फेशन आज वैध आहे.

मावशीचा प्रश्न मात्र उलट दिशेचा आहे. तिच्या फादरांना अधिकार होता. ते फादर होते का, हे ती विचारते आहे.


नदीकाठ

मी ख्रिस्ती नाही, म्हणून प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. देणाऱ्याच्या कागदपत्रांत खोट निघाली तर घेणाऱ्याचा पश्चात्ताप कसा काय वाया जातो? मावशींनी तर मनापासूनच सांगितलं असणार ना?


शेवंती

बाळबोध अजिबात नाही. पश्चात्ताप वाया जात नाही. देवावरच्या निव्वळ प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप असेल, ज्याला पूर्ण पश्चात्ताप म्हणतात, तर कन्फेशनला जाण्याआधीच पापक्षमा होते, फक्त पुढे कन्फेशन करण्याची इच्छा त्यात असावी लागते. पण आपला पश्चात्ताप प्रेमापोटी होता की नरकाच्या भीतीपोटी, हे स्वतःचं स्वतःला कसं कळणार? भीतीपोटीचा अपुरा पश्चात्ताप घेऊन गेलेल्यालाही कन्फेशनच्या संस्कारातून क्षमा मिळते, आणि मावशीसारख्या माणसांचा आधार नेमका तोच आहे. तो आधारच काढून घेतला की माणूस स्वतःच्या मनाची खोली मोजत बसतो.


लॅटिनप्रेमी

मी जुन्या मिस्सेला जाणाऱ्यांपैकी आहे. मावसभावाने आईला फोनवर असं सांगायला नको होतं. पण शंकेमागे काही आधारच नाही असं कुणी समजू नये, म्हणून लिहितो.

पोप बाराव्या पायस यांनी ३० नोव्हेंबर १९४७ ला दीक्षेचा गाभा ठरवून दिला: हस्तस्थापना, म्हणजे डोक्यावर हात ठेवणं, आणि प्रार्थनेतले ठराविक शब्द. त्या शब्दांतून कोणतं पद दिलं जातं आहे आणि पवित्र आत्म्याची कृपा, या दोन्ही गोष्टी निःसंदिग्धपणे कळल्या पाहिजेत. १८ जून १९६८ ला पोप सहाव्या पॉल यांनी हे शब्द बदलले. धर्मगुरूच्या दीक्षेत फरक किरकोळ आहे. लॅटिनमधला ‘उत’ हा एक शब्द गेला, म्हणजे ‘जेणेकरून’. ‘पावित्र्याचा आत्मा नव्याने दे, जेणेकरून ते हे पद मिळवोत’ याचं ‘आत्मा नव्याने दे, ते हे पद मिळवोत’ झालं. यावर मी वाद घालणार नाही.

बिशपच्या अभिषेकाचे शब्द मात्र पूर्ण वेगळे आहेत. जुन्यात ‘तुझ्या सेवेची परिपूर्णता’ असा उल्लेख होता. नव्यात ‘स्पिरितुम प्रिन्चिपालेम’ मागितला जातो, म्हणजे नेतृत्वाचा आत्मा. आता हा आत्मा बिशपचाच कशावरून? तो राजाला मागता येईल, मठाधिपतीलाही मागता येईल. अमेरिकेतले फादर अँथनी सेकाडा यांनी २००६ मध्ये हाच मुद्दा धरून नवा अभिषेक अवैध ठरवला. लफेव्र यांचा संघ सरसकट तसं म्हणत नाही, तो एकेक प्रकरण बघतो आणि खरी शंका असेल तर सशर्त दीक्षा देतो, म्हणजे ‘आधीची वैध नसेल तर’ या अटीवर पुन्हा.

आणि संस्कारांच्या बाबतीत ‘चालून जाईल’ हे चालत नाही. अकराव्या इनोसंट यांनी १६७९ मध्ये हे मत निषिद्ध ठरवलं होतं की, संस्काराच्या वैधतेबद्दल सुरक्षित मार्ग सोडून नुसत्या संभाव्य मतावर विसंबता येतं. आजारी माणसाला आपण ‘बहुधा औषधच असावं’ म्हणून कुठलीही बाटली देतो का?


जुनी_पोथी

लॅटिनप्रेमी, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देते.

‘स्पिरितुम प्रिन्चिपालेम’ हे १९६८ च्या समितीने बसून रचलेले शब्द नाहीत. हिप्पोलितसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन मजकुरातून ते आले, आणि त्याच मजकुरावर बेतलेली प्रार्थना इजिप्तमधली कॉप्टिक ख्रिस्तसभा बिशपच्या अभिषेकात शतकानुशतकं म्हणत आली आहे. त्या बिशपांना रोमने वैध मानलं आहे. सेकाडांनी यावर म्हटलं की कॉप्टिक प्रार्थनेत पुढे बिशपची कामं स्पष्ट येतात. पण नव्या रोमन प्रार्थनेतही ती येतात! त्याच प्रार्थनेत थोडं पुढे, प्रेषितांना दिलेल्या सामर्थ्याने प्रत्येक बंधन सोडवण्याचा अधिकार मागितला आहे. एक वाक्य कात्रीने कापून वेगळं काढायचं आणि मग ते संदिग्ध आहे म्हणायचं, हे मला पटत नाही. समोर बिशप अभिषेकासाठी गुडघे टेकून बसला आहे, डोक्यावर उघडं शुभवर्तमान धरलं आहे, तिथे मठाधिपतीचा संशय कुणाला येईल?

पोप तेराव्या लिओ यांनी १३ सप्टेंबर १८९६ ला अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, दीक्षा पूर्ण शून्यवत ठरवली, त्याचाही दाखला नेहमी दिला जातो. तिथला दोष वेगळा होता. सोळाव्या शतकातल्या त्या विधीतून यज्ञबली अर्पण करणाऱ्या धर्मगुरुपदाची कल्पनाच काढून टाकली होती. नुसते शब्द बदलल्याचा तो खटला नव्हता.

आता दुसरी बाजू. शंका घेण्याचा हा खेळ कुणालाही सोडत नाही. लफेव्र यांना स्वतःला १९२९ मध्ये दीक्षा आणि १९४७ मध्ये बिशपपद दिलं ते लिएनार यांनी, जे पुढे कार्डिनल म्हणून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत गाजले. ते फ्रीमेसन, म्हणजे कॅथलिकांना मनाई असलेल्या एका गुप्त संघटनेचे सदस्य, होते, म्हणून त्यांचा हेतू खरा नव्हता, म्हणून लफेव्र बिशपच नाहीत, असं सांगणारेही जुन्या विधीच्या लोकांतूनच निघाले. आरोप सिद्ध नाही. सिद्ध झाला असता तरी फरक पडला नसता: मनात काय आहे हे नव्हे, ‘ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा’ हेतू असला की पुरतं, आणि अभिषेकाला आणखी दोन बिशप हजर होते. ज्या न्यायाने लफेव्र वाचतात, त्याच न्यायाने मावशीच्या वहीतले फादर वाचतात.


साधा_वकील

मला धर्मशास्त्र येत नाही, पण एक धागा जोडतो.

प्राचीन रोममध्ये बार्बारियस फिलिप्पस नावाचा एक पळून आलेला गुलाम होता. त्याने आपण गुलाम असल्याचं लपवलं आणि प्रेटर, म्हणजे न्यायदान करणारा उच्च अधिकारी झाला. गुलामाला ते पद घेता येतच नव्हतं. मग त्याने दिलेले निवाडे, काढलेले आदेश सगळे रद्द? उल्पियन या न्यायतज्ज्ञाने हा प्रश्न घेतला आणि उत्तर दिलं की नाही, कारण जे लोक विश्वासाने त्याच्यासमोर उभे राहिले त्यांचं नुकसान होऊ नये. सम्राट जस्टिनियनच्या डायजेस्ट या कायदेसंग्रहात पहिल्या भागात हे सापडतं. पुढे धर्मकायदा लिहिणाऱ्यांनी हेच तत्त्व उचललं. १९१७ च्या संहितेत ते कलम २०९ होतं, १९८३ च्या संहितेत १४४ आहे: सगळ्यांचा समज चुकीचा असेल तर अधिकाराची उणीव ख्रिस्तसभा स्वतः भरून काढते.

मावशींच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेसं वाटत नाही का?


लॅटिनप्रेमी

बार्बारियसचा दाखला फार सुंदर आहे, मला माहीत नव्हता. पण इथे तो लागत नाही हो. ख्रिस्तसभा अधिकार पुरवू शकते, धर्मगुरुपद पुरवू शकत नाही. संघाच्या फादरांकडे २०१५ च्या आधी केलेल्या कन्फेशनबद्दल आम्ही हेच कलम १४४ सांगत आलो. ज्याची दीक्षाच झाली नाही त्याला ते वाचवत नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला अधिकार नसलेला कुठलाही धर्मगुरू वैध पापक्षमा देऊ शकतो, कलम ९७६. पण तोही धर्मगुरू असावा लागतो.


जुनी_पोथी

बरोबर आहे, मान्य.


शेवंती

हे वाचून मी कालची रात्र बेचैन होते. म्हणजे समजा, शंका खरी निघाली तर? मला ‘दीक्षा वैधच आहे’ यापलीकडचं उत्तर हवं आहे. कारण मावशी विचारणार, ‘पण नसली तर?’


पायवाट

शेवंती, ‘नसली तर’ हे एकदा प्रत्यक्ष घडलं आहे, कल्पनेत नव्हे.

अमेरिकेतल्या डेट्रॉईट धर्मप्रांतातल्या एका तरुण फादरने आपल्या बाप्तिस्म्याचं जुनं चित्रीकरण बघितलं होतं. त्यात डीकनने, म्हणजे फादरांच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षिताने, ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हटलं होतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये रोमने स्पष्ट केलं की ‘आम्ही’ म्हटलेला बाप्तिस्मा वैध नाही. म्हणजे काय झालं बघा. बाप्तिस्मा नाही म्हणून दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याला पक्कं करणारा संस्कार, नाही, डीकनपद नाही, धर्मगुरुपद नाही. २०१७ पासून तो वेदीवर उभा होता, कन्फेशन ऐकत होता, आणि तो बाप्तिस्माही न झालेला माणूस होता. काही दिवसांत त्याला बाप्तिस्म्यापासून दीक्षेपर्यंत सगळे संस्कार नव्याने देण्यात आले.

त्याच्याकडे कन्फेशन केलेल्या लोकांना धर्मप्रांताने काय सांगितलं? लपवलं नाही. त्या पापक्षमा वैध नव्हत्या हे सरळ सांगितलं. गंभीर पाप सांगितलेलं आठवत असेल तर दुसऱ्या फादरांकडे जा. आणि त्याबरोबर हेही सांगितलं की देवाने स्वतःला संस्कारांशी बांधून घेतलं असलं तरी तो संस्कारांनी बांधला गेलेला नाही. थोर धर्मपंडित थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात हेच म्हटलं होतं. जे सद्भावनेने आले त्यांना देवाने रिकाम्या हाताने पाठवलं असं समजायचं कारण नाही.

म्हणजे ‘नसली तर’ याचं उत्तर ‘मावशी नरकात’ असं सर्वांत वाईट प्रसंगीही नाही. सद्भावनेने केलेल्या, पण नकळत अवैध ठरलेल्या कन्फेशननंतर एक वैध कन्फेशन झालं, तर मागची पापंही त्याबरोबर क्षमा होतात. पुढे चूक कळली तर ती सांगायची, एवढंच बाकी राहतं.


अबोली_२

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मी चार वर्षं या फेऱ्यात होते. सुरुवात दीक्षेच्या शंकेनेच झाली. मग फादरांचं उच्चारण, मग पाणी कपाळाला नीट लागलं का, मग माझाच हेतू. ज्यांच्याकडे मार्गदर्शनासाठी गेले त्यांनी प्रत्येक शंकेला आणखी एक सशर्त संस्कार असं उत्तर दिलं. दोन वेळा सशर्त दृढीकरण झालं माझं. शांतता एकेक आठवडा टिकायची.

शेवटी एका म्हाताऱ्या फादरांनी विचारलं, तू इथे येतेस तेव्हा स्वतःची पापं सांगतेस की आमची तपासतेस? मी त्या दिवशी तासभर रडले. त्यांनी नियम घालून दिला: पाप आठवतं आहे आणि ते सांगितलेलं नाही याची शपथ घेता येत असेल तरच पुन्हा सांगायचं. शपथ घेता येत नसेल तर सांगायचं नाही, आज्ञा म्हणून. शंकेखोर मनासाठी हा जुना उपाय आहे. त्या नियमाने मी बाहेर आले.

मावशींना लेख वाचायला देऊ नका. त्यांचं बोट धरणारं कुणीतरी हवं आहे.


लॅटिनप्रेमी

अबोली, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवेना. आमच्यातही अशी माणसं मी पाहिली आहेत.

एक व्यवहारातला मार्ग सुचवू? मावशींना लगेच शांतता हवी असेल तर पूर्वेकडच्या कॅथलिक विधीच्या फादरांकडे न्या. त्यांचा दीक्षाविधी १९६८ च्या बदलात आलाच नाही. तिथे कुणीच शंका घेत नाही, तुमचा मावसभाऊसुद्धा घेणार नाही.


जुनी_पोथी

मला हे नको वाटतं. एकदा बाहेर नेलंत की वहीतल्या प्रश्नचिन्हांवर आपणच शिक्का मारल्यासारखं होईल. उरलेलं आयुष्य ती त्या धर्मग्रामात कशी काढणार?

इतिहासातली एक आठवण सांगते. पोप फोर्मोसस ८९६ मध्ये वारले. पुढच्या जानेवारीत सहाव्या स्टीफन यांनी त्यांचं प्रेत उकरून, पोपची वस्त्रं चढवून खुर्चीत बसवलं आणि खटला चालवला. आशीर्वाद देणारी तीन बोटं कापली, प्रेत तिबर नदीत टाकलं आणि फोर्मोसस यांनी दिलेल्या सगळ्या दीक्षा रद्द केल्या. वर्षभरात दुसऱ्या थिओडोर यांनी त्या वैध ठरवल्या. काही वर्षांनी तिसऱ्या सर्जियस यांनी पुन्हा रद्द ठरवून लोकांना पुन्हा दीक्षा घ्यायला लावल्या. शेवटी ख्रिस्तसभेने मानलं ते ऑगस्टीनने पाचव्या शतकात, नालायक धर्मगुरूंचे संस्कार अवैध मानणाऱ्या डोनाटसपंथीयांशी वाद घालताना सांगितलं तेच: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा घात करणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच असतो. त्या गोंधळाच्या वर्षांत रोममधल्या एखाद्या म्हातारीने काय केलं असेल याचा मी नेहमी विचार करते. तिच्या फादरांची दीक्षा दहा वर्षांत तीनदा फिरली. ती कन्फेशनला जातच राहिली असणार.


शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी काय झालं ते लिहिते.

मी मावशीला यातलं फारसं काही सांगितलं नाही. डेट्रॉईटच्या फादरांची गोष्ट मात्र सांगितली. ती नीट ऐकत होती. मग मी तिला जुन्या विधीतल्या पापक्षमेचे शब्द वाचून दाखवले. ‘एगो ते आब्सोल्वो’ हा गाभा जुन्या आणि १९७३ च्या नव्या, दोन्ही विधींत तोच आहे. पण जुन्यात त्याच्या आधी, बहिष्कारासारख्या बंधनांतून मोकळं करताना, फादर एक वाक्य म्हणत: ‘इन क्वांतुम पोस्सुम एत तू इन्दिजेस’. मला जेवढं शक्य आहे आणि तुला जेवढी गरज आहे तेवढं. मावशी दचकलीच. लहानपणी जाळीपलीकडून हे कानावर पडलेलं तिला आठवलं, अर्थ साठ वर्षांनी कळला. दोनदा म्हणायला लावलं मला.

मग तिने विचारलं, ‘आणि हे फादर? हे स्वतः कुणाकडे जात होते कन्फेशनला?’

मी म्हटलं, एकमेकांकडेच गं.

ती कितीतरी वेळ वहीकडे बघत बसली. वहीतले चौघे आता हयात नाहीत. ‘म्हणजे माझी शंका खरी असेल तर तेही तसेच गेले,’ म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती स्वतःसाठी सोडून दुसऱ्या कुणासाठी घाबरली होती.

शनिवारी ती आपल्याच धर्मग्रामातल्या फादरांकडे गेली. मी मागच्या बाकावर होते. बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. रविवारी कम्युनियनला उठली.

नोव्हेंबरच्या मिस्सेसाठी वेदीजवळच्या पेटीत मृतांची नावं टाकायची असतात. आज सकाळी ती वही समोर ठेवून चिठ्ठीवर त्या चार फादरांची नावं उतरवत होती. मी वाकून पाहिलं, चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह नव्हतं. एका नावाचं स्पेलिंग तिने मला विचारून घेतलं.